तेरावं वर्ष, चौदावं वर्ष, विसावं वर्ष

हवाई दलातल्या वैमानिकांचा पगार आणि त्यांनी सेवा सोडू नये म्हणून दिला जाणारा बोनस, या विषयावर नागपुरातून आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. आकडे सातव्या वेतन आयोगाचे आहेत. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून हिशेब सोपा जावा यासाठी तो सगळीकडे 50 टक्के धरला आहे.

प्रश्न : माझा भाचा हवाई दलात वैमानिक आहे. अमेरिकेत लष्करी पायलटांना सेवेत राहण्यासाठी वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत बोनस देतात असं वाचलं. आपल्याकडे असं काही आहे का? (सोमलवाडा)

नाही. ‘इतकी वर्षं राहतो असं लिहून द्या आणि इतकी रक्कम घ्या’ असा करार भारतीय हवाई दलात नाही. लोक ज्याला बोनस समजतात तो फ्लाइंग अलाउन्स आहे. अधिकाऱ्यांसाठी त्याचा मूळ दर महिना 25,000 रुपये. जोखीम आणि खडतरपणाच्या तक्त्यातून तो ठरतो आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की या तक्त्यातले दर 25 टक्क्यांनी वाढवायचे, असा नियम आहे. पण दुसऱ्या वर्षातल्या फ्लाइंग ऑफिसरला आणि अठराव्या वर्षातल्या विंग कमांडरला दर एकच. त्यावर महागाई भत्ता मिळत नाही आणि पेन्शनच्या हिशेबातही तो धरत नाहीत. उडण्याच्या जोखमीचा मोबदला म्हणून तो योग्यच आहे. मात्र ज्या वर्षी माणूस राहायचं की जायचं याचा विचार करत असतो, त्या वर्षी त्याला थांबवण्याची ताकद या रकमेत नाही.

भाचा नुकताच विंग कमांडर होऊन नागपूरला बदलून आला असं समजा. मूळ वेतन 1,21,200, मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेबद्दल मूळ वेतनाशिवाय मिळणारी ठरावीक रक्कम) 15,500, म्हणजे 1,36,700. महागाई भत्ता या दोन्हींच्या बेरजेवर मिळतो : 68,350. वाहतूक भत्त्यासाठी जी 19 मोठी शहरं वरच्या दरात आहेत त्यांत नागपूर आहे, म्हणून 7,200 आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळून 10,800. फ्लाइंग अलाउन्स, 25 टक्क्यांची वाढ न धरता, मूळ दराने 25,000. एकूण 2,40,850. सरकारी क्वार्टर मिळालं नसेल तर घरभाडं वेगळं. घरभाड्यासाठी शहरांचे वर्ग केले आहेत, त्यांत नागपूर ‘वाय’ वर्गात असल्याने ते 20 टक्के, आणि तेही फक्त मूळ वेतनावर, मिलिटरी सर्व्हिस पे सोडून : 24,240. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. महागाई भत्त्याला मिलिटरी सर्व्हिस पे धरायचा, घरभाड्याला नाही. हातात येणारी रक्कम आयकर आणि भविष्य निर्वाह निधी कापून.

प्रश्न : मुलगा एएफकॅटची (हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतोय. फ्लाइंग ब्रँच मिळाली तर पुढे पेन्शनची काळजी नाही ना? (प्रतापनगर)

आहे, आणि ती फॉर्म भरण्याआधी करायची आहे. एएफकॅटमधून फ्लाइंग ब्रँचला शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. मुदत 14 वर्षं, वाढवून मिळत नाही. अधिकाऱ्याला पेन्शन लागू व्हायला किमान 20 वर्षं सेवा लागते. म्हणजे तेविसाव्या वर्षी कमिशन मिळालेला मुलगा सदतिसाव्या वर्षी बाहेर पडेल, हातात ग्रॅच्युइटी असेल, पेन्शन नसेल. पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक, हवी असेल तर रस्ता एनडीए किंवा सीडीएसचा (पदवीधरांसाठीची सैन्यदलांची प्रवेश परीक्षा). मुलाचं वय बसत असेल तर सीडीएसचा फॉर्मही भराच.

शॉर्ट सर्व्हिस वाईट असं आमचं म्हणणं नाही. सदतिसाव्या वर्षी एअरलाइनकडे जाणाऱ्याला पुढे बराच काळ उडता येतं, कारण भारतात व्यावसायिक उड्डाणाची वयोमर्यादा 65 आहे. फक्त हे 14 वर्षांचं गणित घरात सगळ्यांना आधीपासून माहीत हवं. एएफकॅटसाठी वय 20 ते 24. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर 26 पर्यंत.

प्रश्न : बोनस नाही, तर आपले पायलट टिकतात कशाच्या जोरावर? (धरमपेठ)

आवड आणि अभिमान हे तर आहेतच. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर दोन पायऱ्या आहेत, एक तेराव्या वर्षी आणि दुसरी विसाव्या.

बढती काळानुसार मिळते : दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. दरवर्षी 3 टक्के वाढ धरत गेलं तर तेरावं वर्ष भरताना स्क्वाड्रन लीडरचं मूळ वेतन 87,900 च्या घरात असतं. विंग कमांडर झाल्यावर ते एकदम 1,21,200 होतं. महिन्याला 33,300 ची उडी, वर महागाई भत्ता. आपल्या वेतनरचनेत टिकवून ठेवणारी रक्कम कुठे असेल तर ती इथे आहे, फक्त तिला कुणी बोनस म्हणत नाही.

त्यानंतर माणूस विसाव्या वर्षाकडे बघतो. सात वेतनवाढींनंतर मूळ वेतन 1,49,000. मिलिटरी सर्व्हिस पे धरून 1,64,500, त्याच्या निम्मी पेन्शन 82,250, वर महागाई सवलत (पेन्शनवरचा महागाई भत्ता). एवढी रक्कम समोर असताना सतराव्या वर्षी राजीनाम्याचा विचार करणारे थोडेच.

खरी गळती विसाव्या वर्षानंतर सुरू होते. तोवर स्क्वाड्रनची कमान कुणाला मिळणार आणि कुणाला नाही हे स्पष्ट झालेलं असतं. ग्रुप कॅप्टन हा हुद्दा निवडीने मिळतो आणि जागा मोजक्या. कॉकपिट सुटून टेबल हाती येतं, मुलं अकरावी-बारावीत असतात आणि बदलीचा कागद येतो. अशा वेळी फ्लाइंग अलाउन्स पाच हजारांनी वाढवून काही होत नाही. कुठली पोस्टिंग, किती वर्षं एका ठिकाणी, किती उड्डाण, या तीन गोष्टींवर लेखी आश्वासन मिळालं तर माणूस थांबतो, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : अमेरिकेची योजना नक्की कशी चालते? आणि इतका पैसा देणं परवडतं का? (रामदासपेठ)

अमेरिकी हवाई दलात वैमानिकाला प्रशिक्षण पुरं झाल्यावर 10 वर्षं सेवा बंधनकारक असते. ती संपली की तो मोकळा, म्हणजे साधारण तेहतीस-चौतीस वर्षांचा, भरपूर तास उडालेला माणूस एअरलाइनच्या दारात उभा. बोनस तिथे येतो. तो किती देता येईल याची कमाल मर्यादा कायद्याने ठरते. वर्षाला 25,000 डॉलरची मर्यादा आधी 35,000 झाली आणि डिसेंबर 2022 च्या कायद्याने 50,000. कराराची वर्षं जास्त तशी रक्कम मोठी. 12 वर्षांच्या करारात ती कमाल 6 लाख डॉलरपर्यंत जाते. करार मोडून गेला तर न कमावलेला भाग परत द्यावा लागतो.

2023 मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा बदल करून पाहिला. बंधन संपायला अजून एक-दोन वर्षं आहेत अशांनाच आधी विचारलं आणि पैशासोबत पुढच्या पोस्टिंगच्या निवडीत झुकतं माप दिलं. हे शहाणपणाचं आहे. बंधनाच्या शेवटच्या महिन्यात बोनस समोर ठेवला तर तोवर माणसाने एअरलाइनचा फॉर्म भरलेला असतो, घरात बोलणं झालेलं असतं. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झाल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे एक वर्ष उशीर म्हणजे आयुष्यभर यादीत खाली.

परवडण्याचं म्हणाल, तर रँड या संस्थेने 2019 मध्ये प्रशिक्षणाचा खर्च काढला होता. मूलभूत पात्रतेचा एक एफ-16 वैमानिक तयार करायला 56 लाख डॉलर, एफ-22 साठी 1 कोटी 9 लाख. त्यापुढे 6 लाख किरकोळ वाटतात. तरीही ज्याला राहायचंच होतं त्यालाही बोनस जातो, हा या योजनेचा खरा तोटा आहे. म्हणून सरसकट देण्यापेक्षा ज्या विमानांचे वैमानिक कमी पडतात तिथे जास्त देणं बरं.

आपल्याकडेही प्रश्न लहान नाही. कॅगच्या अहवालानुसार फेब्रुवारी 2015 मध्ये हवाई दलात 486 वैमानिक कमी होते, 2021 च्या अखेरीस 596. यात भरती कमी पडणं हे मोठं कारण आहे, फक्त सोडून जाणं नव्हे. पण नवा मुलगा लढाऊ स्क्वाड्रनमध्ये पूर्ण तयार व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे पंधरा वर्षांचा अनुभवी गेला तर ती जागा भरतीने लगेच भरत नाही. त्यात एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 विमानांची ऑर्डर जाहीर केली. ती विमानं उडवायला माणसं लागणारच. आठवा वेतन आयोग बसला आहे, तेव्हा मुदतीच्या कराराचा बोनस मागायची वेळ हीच आहे.

प्रश्न : यजमान हवाई दलात आहेत, पर्मनंट कमिशन, 16 वर्षं झाली. सोडून एअरलाइनमध्ये जायचं म्हणतात. काय काय बघावं? (मनीषनगर)

ताई, सगळ्यात आधी चार वर्षांचं गणित मांडा. आज सोडलं तर पेन्शन नाही. विसाव्या वर्षी सोडलं तर वर दिलेल्या हिशेबाने महागाई सवलतीसह महिना 1,23,375, जन्मभर. एअरलाइनमध्येही ते पहिल्या दिवशी कॅप्टन होत नाहीत. फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू होतात आणि ए-320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) करावं लागतं. त्याचा खर्च कोण करणार आणि त्या बदल्यात किती वर्षांचा बाँड, हे लेखी घ्या.

दुसरं, सोडणं हा हक्क नाही. मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज युनिटमार्फत वायुसेना मुख्यालयात जातो आणि त्या ब्रँचमध्ये माणसं कमी असतील तर नाकारला जाऊ शकतो. एका एअरमनच्या (अधिकारी नसलेल्या हवाई सैनिकाच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलं : मनात आलं म्हणून सेवा सोडण्याचा बिनशर्त अधिकार नाही. त्यामुळे मंजुरी हातात येईपर्यंत एअरलाइनला रुजू होण्याची तारीख देऊ नका. विसाव्या वर्षानंतर स्वतःच्या विनंतीने बाहेर पडायचं तरी एक तोटा तपासून घ्या : 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशाने, त्यापुढे स्वेच्छेने जाणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनमधून (एकाच हुद्द्याला आणि तितक्याच सेवेला सारखी पेन्शन) वगळलं. पेन्शन मिळते, पण त्या आदेशाप्रमाणे पुढच्या फेरनिश्चितीत ती वाढत नाही; सध्याची स्थिती विचारून घ्या.

तिसरं, कागद सेवेत असतानाच सुरू करा. डीजीसीएचे पेपर, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा, क्लास 1 मेडिकल. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला किमान 1,500 तास लागतात, आणि त्यात क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या ठिकाणी), रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याचे) तास वेगवेगळे दाखवावे लागतात. ट्रान्सपोर्ट विमानांच्या वैमानिकाला हे सहज जमतं. लढाऊ विमानांचे सॉर्टी (एकेक उड्डाण) छोटे, त्यामुळे एकूण तास भरले तरी रात्रीचे किंवा क्रॉस कंट्रीचे कमी पडतात आणि अर्ज तिथेच अडतो. लॉगबुकमधल्या नोंदी प्रमाणित करून घेण्याचं काम युनिट सुटल्यावर फार किचकट होतं, ते आधी उरका. यजमान हेलिकॉप्टरवर असतील तर हिशेब निराळा : त्यांचा थेट रस्ता हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक लायसन्सचा आहे. विमानाकडे वळायचं तर विमानावरचे तास नव्याने उडावे लागतील, तेही बहुतेक स्वतःच्या खर्चाने.