‘आब्ला’ चालतं, मग ‘नो आब्ला’ का नाही?

वाचकांचे प्रश्न : स्पॅनिशमधला आज्ञार्थ

(स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ होतो.)

प्रश्न : ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’. पण ‘बोलू नकोस’साठी ‘नो आब्ला’ लिहिलं की ‘नो आब्लेस’ अशी दुरुस्ती होते. नुसतं ‘नो’ लावून का भागत नाही?

उत्तर : ‘नो आब्ला’ हे वाक्य अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ ‘तो बोलत नाही’ किंवा ‘ती बोलत नाही’ असा होतो. म्हणजे समोरच्याला तुमची आज्ञा पोचतच नाही, त्याला तिसऱ्याच कुणाची तरी माहिती मिळते. म्हणून ही चूक किरकोळ समजू नका.

खरं तर मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. आपणही ‘बोल नकोस’ म्हणत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणतो. होकार आणि नकार यांची क्रियापदाची रूपं आपल्याकडेही वेगळीच आहेत. स्पॅनिशमध्ये ‘तू’च्या होकारी आज्ञेचं रूप लॅटिनच्या आज्ञार्थातून आलं. पुढे ‘तो बोलतो’ या रूपाच्या शेवटचा लॅटिन ‘त’ गळला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. नकारी आज्ञा मात्र पहिल्यापासून संकेतार्थाच्या (इंग्रजीत ‘सबजंक्टिव्ह’) रूपाने होते.

हे रूप बनवायचं कसं? ‘मी’चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि उलटा स्वर लावा. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘एस’, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपत असेल तर ‘आस’. आब्लो – नो आब्लेस. कोमो (मी खातो) – नो कोमास. सुरुवात ‘मी’च्या रूपापासून करायची, कारण क्रियापदाचा वाकडेपणा तिथेच दिसतो. तेनेर (असणे, जवळ ठेवणे) याचं ‘मी’चं रूप ‘तेंगो’, म्हणून ‘नो तेंगास’. मूळ क्रियापदापासून निघालात तर ‘नो तेनास’ होईल, आणि ते कुठेच नाही.

ज्यांचं ‘मी’चं रूप ‘ओ’ने संपतच नाही, त्यांना हा नियम लागणार तरी कसा? सोय (मी आहे), बोय (मी जातो), एस्तोय (हेही ‘मी आहे’), दोय (मी देतो) आणि से (मला माहीत आहे) ही पाच पाठच करावी लागतात : नो सेआस, नो बायास, नो एस्तेस, नो देस, नो सेपास.

होकारी बाजूला आठ हट्टी क्रियापदं आहेत : दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर जा), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). ही आखूड आहेत म्हणून घाबरू नका. लॅटिनमध्येही ‘सांग’ हे ‘दीक’ असं आखूडच होतं, तेच ‘दी’ झालं. ‘बे’ मात्र जपून वापरा, कारण ‘जा’ आणि ‘बघ’ दोन्हींचं रूप तेच आहे. म्हणून ‘बघ’साठी बहुतेक वेळा ‘मीरा’ वापरतात आणि ‘निघून जा’साठी ‘बेते’.

प्रश्न : आजोबांना ‘या’ म्हणायचं तर ‘बेंगान’ म्हणावं का? आदरार्थी बहुवचन म्हणून विचारतो.

उत्तर : नाही, ‘बेंगा’. मराठीची सवय इथे हमखास आड येते. आपल्या एका ‘या’मध्ये एकटे आजोबाही मावतात आणि तीन मित्रही. स्पॅनिशमधलं आदराचं ‘उस्तेद’ मात्र एकवचनी आहे. एका व्यक्तीला ‘बेंगा’, अनेकांना ‘बेंगान’.

‘उस्तेद’ची एक सोय नवशिक्यांनी जरूर वापरावी : होकार आणि नकार एकाच रूपात होतात, आब्ले – नो आब्ले, बेंगा – नो बेंगा. वर सांगितलेल्या नकारी रूपातला शेवटचा ‘स’ काढला की ते मिळतं. अनोळखी माणसाशी बोलताना गोंधळ वाटला तर ‘उस्तेद’वर राहा.

प्रश्न : ‘मला ते सांग’ हे ‘दीमेलो’ असं जोडून, पण ‘मला ते सांगू नकोस’ हे ‘नो मे लो दीगास’ असं तोडून लिहितात. शिवाय ‘दीमेलो’त ‘ई’वर तिरकी रेघ आहे, ‘दीमे’त नाही. असं का?

उत्तर : होकारात सर्वनाम क्रियापदाच्या मागे चिकटतं, नकारात पुढे सुटं उभं राहतं. क्रम दोन्हीकडे तोच : आधी ‘कोणाला’, मग ‘काय’. ‘त्याला ते दे’ म्हणताना ‘ले’ आणि ‘लो’ शेजारी आले की ‘ले’चं ‘से’ होतं : दासेलो. ‘दालेलो’ कधीच नाही.

रेघेचं कारण आघातात, म्हणजे उच्चारातल्या जोरात आहे. स्वराने संपणाऱ्या शब्दात आघात शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर पडतो. ‘दी-मे’मध्ये तो आपोआप ‘दी’वर येतो, रेघ लागत नाही. ‘दी-मे-लो’ झाल्यावर तो ‘मे’कडे सरकेल, पण बोलताना आपल्याला ‘दी’वरच हवा असतो, म्हणून तिथे रेघ. याच न्यायाने ‘कोंप्रा’ (विकत घे) बिनरेघेचं, ‘कोंप्रालो’ (ते विकत घे) रेघेसह. दोन सर्वनामं जोडली की रेघ नेहमीच येते, एवढं धरून चाला.

‘बसू या’ म्हणताना ‘सेंतेमोस’ला ‘नोस’ जोडतात, तेव्हा मधला ‘स’ गळतो : सेंतेमोनोस.

प्रश्न : ‘बुस्कार’चं (शोधणे) ‘बुस्के’ होताना ‘सी’ जाऊन ‘क्यू-यू’ का येतं?

उत्तर : ‘क’ हा उच्चार टिकवण्यासाठी. ‘ई’ (e) या रोमन अक्षराआधी ‘सी’चा उच्चार ‘स’ होतो, तसं लिहिलं तर ‘बुसे’ वाचलं जाईल. ‘येगार’चं (पोचणे) ‘येगे’ लिहिताना ‘जी’पुढे ‘यू’ येतो तोही ‘ग’ वाचवण्यासाठी. कानाला काहीच बदलत नाही, बदल फक्त कागदावर.

प्रश्न : ‘बोसोत्रोस’ची आणि ‘बोस’ची रूपं शिकायलाच हवीत का?

उत्तर : कुठे बोलणार त्यावर ठरवा. ‘बोसोत्रोस’ (मित्रांना ‘तुम्ही सगळे’) स्पेनमध्ये रोजचं आहे, लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘उस्तेदेस’ वापरतात. होकारी रूप सोपं : शेवटच्या ‘र’च्या जागी ‘द’, आब्लाद, बेनीद. ‘ओस’ हे सर्वनाम जोडलं की तो ‘द’ जातो : सेंताओस. अपवाद ‘निघून जा’चं ‘ईदोस’. तिथे लोक सर्रास ‘ईरोस’ म्हणत आणि २०१७ साली स्पॅनिश राजअकादमीने तेही मान्य केलं. मात्र ही सवलत याच एका क्रियापदाला आहे.

अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ चालतं. शेवटचा ‘र’ टाका, आघात शेवटच्या स्वरावर द्या : आब्ला (‘ला’वर जोर), बेनी. ‘जा’साठी तिथे ‘आंदा’ म्हणतात. तिथल्या प्रमाण भाषेत नकार ‘तू’चाच, ‘नो बेंगास’.

प्रश्न : पाट्यांवर ‘नो फुमार’ असतं. मग मित्राला तसं सांगितलं तर?

उत्तर : नको. ती पाटीची भाषा आहे, आपल्या ‘धूम्रपान करू नये’सारखी. समोरच्या माणसाला ‘नो फुमेस’ म्हणा. आणि काही मागायचं असेल तर आज्ञेपेक्षा साधा प्रश्न बरा : ‘मे त्राएस आग्वा?’ म्हणजे ‘पाणी आणतोस का?’ हे वळण आपल्या तोंडी आधीपासूनच आहे, तेच तिकडेही चालतं.