बढती घे गं, नाही म्हणू नकोस

अगं, गरोदरपणाचा सातवा आठवडा आणि हातात बढतीचं पत्र, म्हणून झोप उडाली ना? माझंही असंच झालं होतं. मी पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले, घडीवर फाटायला आलं होतं. शेवटी सही केली, आणि बरंच झालं.

आत्ताच नाही म्हणालीस तर ती जागा तुझ्यासाठी थांबणार नाही. शिवाय एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रसूती रजेचा पगार रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. म्हणजे वाढलेला पगार तेव्हाही मिळतो. रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीआधी. अट एकच, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत 80 दिवस काम झालेलं हवं. त्यामुळे बढती त्याच कंपनीत असेल तर निर्धास्त राहा. नवीन कंपनीत जाणार असशील तर मात्र दिवस मोजून घे.

साहेबांना लगेच सांगायलाच हवं असं नाही. मी बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी होऊ दिली, मग समोर बसून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ईमेलही टाकला. लेखी हवंच! पण कामात रात्रपाळी, जड उचलणं किंवा रसायनं असतील तर थांबू नकोस, आजच सांग.

आणि सकाळी दहाची मीटिंग साडेअकराला ढकलून घे. माझ्या खणात कुरमुरे आणि आवळा सुपारी कायम असायची, रिकाम्या पोटी मळमळ फार वाढते.