“मॅडम, माझं इंग्रजीच कच्चं आहे”

सिव्हिलमध्ये एम.ई. करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) थिसिसचं निष्कर्षांचं प्रकरण गाइडकडून पुन्हा परत आलं होतं. समासात जागोजागी एकच शेरा, ‘अनक्लिअर’. “मॅडम, दहावीपर्यंत मराठी मीडियम. माझं इंग्रजीच कच्चं आहे. मला नाही जमणार हे,” एवढं बोलून ती रडायलाच लागली.

ही तक्रार घेऊन येणारी मुलं खूप आहेत. क्लास लाव, ग्रामर तपासून घे, हे त्यांना सगळ्यांनी आधीच सांगितलेलं असतं. हिनेही ते केलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या व्याकरणात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला एक वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘द स्ट्रेंग्थ वॉज फाउंड टु बी सॅटिस्फॅक्टरी.’ मग प्रकरण मिटवून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, “आता मराठीत सांग, लॅबमध्ये काय काय केलंस?”

बोलायला लागली ती थांबेचना. एम२५ या दर्जाचं काँक्रीट. वजनाने ३० टक्के सिमेंट कमी करून त्या जागी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख. त्याचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे ठोकळे. पाण्यात क्युअरिंग, म्हणजे ते भिजत ठेवायचे, मग ताकद मोजायला ७ आणि २८ दिवसांनी मशीनवर फोडायचे, दर वेळी तीन-तीन. शेजारी तुलनेसाठी राख न घातलेल्या काँक्रीटचे तेवढेच क्यूब. किती, कधी, कशाच्या तुलनेत, सगळं तिच्या तोंडात होतं. मग कागदावर का नाही उतरलं?

हे विचारलं तशी ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “सात दिवसांची ताकद खूप कमी आली. सर म्हणतील, कास्टिंगच, क्यूब ओतायचं कामच, नीट केलं नाहीस. म्हणून आकडे परिशिष्टात टाकले.”

खरी गाठ इथे होती. ‘समाधानकारक’, ‘बऱ्यापैकी’, ‘लक्षणीय’ हे शब्द इंग्रजी येत नाही म्हणून येत नाहीत, आकडा उघड करायची भीती वाटते म्हणून येतात. आणि या बाबतीत भीतीला कारणच नव्हतं. राखेतली सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश अभिक्रिया करते, त्यामुळे अशा काँक्रीटला सुरुवातीला ताकद कमी येते आणि पुढे ती वाढत जाते. हे कारण तिनेच मला समजावून सांगितलं. थिसिसमध्ये मात्र त्याची एक ओळ नव्हती.

आम्ही आधी मराठीत वाक्य केलं: ‘३० टक्के फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटची ७ दिवसांची सरासरी ताकद साध्या काँक्रीटपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आली. २८ दिवसांनी हा फरक ७ टक्क्यांवर आला.’ त्याचं इंग्रजी करायला तिला माझी मदत लागली नाही. दोन छोटी, साधी वाक्यं झाली. ‘लक्षणीय’ काढून टाकायला लावला, कारण तो शब्द वाचला की परीक्षक संख्याशास्त्रीय चाचणी शोधतो आणि ती तिने केलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला या मुलांच्या लिखाणात नेहमी दिसते. एकाच काँक्रीटला ती कुठे ‘मॉडिफाइड मिक्स’ म्हणत होती, कुठे ‘ग्रीन काँक्रीट’, कुठे ‘प्रपोझ्ड मिक्स’. एकच शब्द पुन्हा पुन्हा नको, हे शाळेतल्या निबंधात शिकवलेलं असतं आणि तिथे ते योग्यच आहे. थिसिसमध्ये मात्र तीन नावं दिसली की वाचणारा तीन वेगळी काँक्रीटं शोधत बसतो. आम्ही ‘एफए३०’ (३० टक्के फ्लाय अ‍ॅश) हे एकच नाव ठरवलं, आणि तिने तक्त्यांपासून आलेखांपर्यंत सगळीकडे तेच केलं.

‘वॉज फाउंड’सारख्या कर्मणी प्रयोगावर (पॅसिव्ह व्हॉइस) मात्र मी वेळ घालवत नाही. थिसिसमध्ये तो चालतो.

प्रकरण पुन्हा परत आलं तेव्हा ती घाबरूनच आली. या वेळी शेरा वेगळा होता: ‘५६ दिवसांचे क्यूब घेतले आहेत का?’ मी तिला सांगितलं, हा दोष काढलेला नाही. सरांना प्रकरण कळलं, म्हणूनच त्यांना पुढचा प्रश्न पडला. तिने ते क्यूब घेतले नव्हते आणि आता कास्टिंगला वेळही नव्हता. तिने मर्यादांच्या भागात सरळ लिहिलं: ‘या अभ्यासात २८ दिवसांनंतरची ताकद तपासलेली नाही.’