आधी २२ नंबरच्या ट्राममध्ये बैस

चिरंजीव,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रागमधल्या धर्मप्रचाराच्या कामाचा आराखडा मिळाला. आराखडा नेटका आहे, पण त्यात पहिल्याच आठवड्यात प्रागच्या जुन्या गावच्या चौकात गिटारवर गाणी म्हणण्याचा आणि पत्रके वाटण्याचा जो कार्यक्रम आहे, तो तू काढून टाकावास असे मला मनापासून वाटते. त्या चौकात तुला इटलीचे, कोरियाचे, कदाचित ठाण्याचेही पर्यटक भेटतील. प्रागचा माणूस कामाशिवाय तिकडे सहसा फिरकत नाही. शिवाय ज्या शहराने आपल्याला अजून काही विचारलेले नाही, त्याला आल्या आल्या उत्तर द्यायला निघणे साध्या शिष्टाचारालाही धरून होत नाही. पहिले काही महिने तू फक्त हिंडावेस, पाहावेस, भाषा शिकावीस, आणि तिथल्या लोकांचे मंडळीशी, म्हणजे चर्चशी, नेमके काय बिनसले आहे, हे त्यांच्या रस्त्यांकडून आणि त्यांच्या तोंडून समजून घ्यावेस. मराठी माणसाला विभक्तीची भीती वाटायचे कारण नाही. चेक भाषेत त्या सात आहेत.

सुरुवात २२ नंबरच्या ट्रामने कर. तिचे पश्चिमेकडचे शेवटचे स्थानक बीला होरा, म्हणजे ‘पांढरा डोंगर’. नाव डोंगराचे असले तरी प्रत्यक्षात ते माळरानासारखे पठार आहे, आणि ८ नोव्हेंबर १६२० रोजी तिथे झालेली लढाई दोनेक तासांत आटोपली होती. त्या लढाईत बोहेमियाच्या, म्हणजे त्या वेळच्या चेक राज्याच्या, सरदारांच्या, बहुतांशी प्रोटेस्टंट असलेल्या सैन्याचा व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटाच्या कॅथलिक फौजेने पराभव केला. पुढच्या वर्षी २१ जूनला त्याच जुन्या गावच्या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना देहदंड दिला गेला. त्यांच्या स्मरणार्थ नगरभवनाजवळच्या फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आहेत, ज्यांच्यावरून पर्यटक आइस्क्रीम खात चालत जातात. त्यानंतर प्रोटेस्टंट लोकांपुढे दोनच वाटा उरल्या, कॅथलिक व्हा किंवा देश सोडा. १६२८ मध्ये देश सोडलेल्यांमध्ये बंधुमंडळी या चेक प्रोटेस्टंट पंथाचा सेवक आणि थोर शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की होता. तो १६७० मध्ये ॲम्स्टरडॅमला वारला. मायदेशी परतणे त्याच्या नशिबी आले नाही. मागे राहिलेल्यांच्या नातवंडांना जो ख्रिस्त माहीत झाला, तो व्हिएन्नाच्या सरकारी हुकुमासोबत आला होता. तिथली माणसे चर्चविषयी बोलताना आवाजात जो कोरडेपणा आणतात, त्याचे एक मूळ या पठारावर आहे.

ट्राम राजवाड्याजवळून उताराला लागते आणि माला स्त्राना या जुन्या वस्तीत येते. तिथे हेलिखोवा स्थानकावर उतर. समोरच्या चर्चमध्ये मेणाची, सुमारे ४७ सेंटिमीटर उंचीची एक बाळ येशूची मूर्ती आहे, जी १६२८ मध्ये पोलिक्सेना लोब्कोवित्स या सरदारपत्नीने कार्मेल संघाच्या संन्याशांना दिली. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लोटणारी गर्दी तू पाहिली असशील. त्या भक्तीचा उगम इथला. आपल्या गावाकडचे कोणीतरी इथे आधीच पोहोचले आहे अशा आनंदात तू आत जाशील, तो आनंद जरूर घे, पण एवढेही लक्षात ठेव की ही इमारत मुळात जर्मन लुथरन लोकांनी बांधलेली होती आणि १६२४ मध्ये, बीला होराच्या विजयानंतर, ती त्यांच्याकडून काढून कार्मेल संघाला देण्यात आली. दर्शनाला आलेली स्पॅनिश आजी आणि घराण्यात हुसपंथाची, म्हणजे यान हुसच्या जुन्या सुधारक पंथाची, आठवण जपणारा प्रागचा मास्तर हे दोघे त्याच दारासमोर उभे राहून दोन वेगळ्या गोष्टी पाहत असतात. तुला त्या दोन्ही दिसल्या पाहिजेत.

तिथून चालत चार्ल्स पुलावर जा, मात्र पहाटे, कारण नंतर गर्दीत काही पाहता येत नाही. पुलावर दोन पुतळ्यांपाशी थांब. पहिला संत फ्रान्सिस झेवियरचा, १७११ मध्ये ब्रोकोफ या शिल्पकाराने केलेला. सध्या तिथे आहे ती प्रतिकृती, कारण मूळ पुतळा १८९० च्या पुरात नदीत कोसळला. ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे तेच हे झेवियर. त्यांच्या पायाशी बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकलेला एक राजपुत्र आहे आणि खाली पूर्वेकडची माणसे त्या सगळ्याचा भार खांद्यावर पेलून उभी आहेत. त्या दगडी माणसांमध्ये तुझे-माझे पूर्वज आहेत. युरोपने आपल्याला कसे पाहिले ते तिथे कोरलेले आहे, आणि आता त्याच शहरात तू प्रचारक म्हणून चालला आहेस. भूमिका उलटली म्हणून तो दृष्टिकोनही उलटा करून वापरायचा मोह फार होतो. ‘आमच्याकडे श्रद्धा जिवंत आहे, तुमची मेली’ असे सूर आपल्याकडच्या मंचांवर मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि मला ते त्या पुतळ्याइतकेच जुने वाटतात.

दुसरा आहे तो क्रूसावरचा ख्रिस्त. त्याच्याभोवती सोनेरी हिब्रू अक्षरांत ‘पवित्र, पवित्र, पवित्र, सेनाधीश परमेश्वर’ हे यशयाचे शब्द आहेत. उन्हात ती अक्षरे सुंदर चमकतात, आणि बरेच ख्रिस्ती प्रवासी तिथे थांबून प्रार्थना करतात. ती अक्षरे १६९६ मध्ये प्रागच्या एका यहुदी पुढाऱ्यावर क्रूसाची निंदा केल्याचा आरोप ठेवून, दंडाच्या पैशांतून बसवली गेली. यहुद्यांच्या अगदी जिव्हाळ्याच्या प्रार्थनेतले शब्द त्यांच्याच खर्चाने ख्रिस्ताभोवती लावणे हा त्यांचा जाहीर अपमान होता. हे समजावणारे कांस्य फलक २००० मध्ये खाली लावले गेले. ते नीट वाच, आणि मगच प्रार्थना कर.

हे सारे वाचून तुला वाटेल की तिथे मंडळीची फक्त लाजच शिल्लक आहे. तसे नाही. पुन्हा ट्राम पकड आणि कार्लोवो नाम्येस्तीला उतरून रेस्लोवा रस्त्यावरच्या ऑर्थोडॉक्स चर्चपाशी जा. पदपथाच्या उंचीवर, तळघराला हवा यावी म्हणून ठेवलेला एक अरुंद झरोका आहे आणि त्याच्या भोवतीच्या दगडावर गोळ्यांच्या खुणा तशाच राखल्या आहेत. नाझी अधिकारी हायड्रिखवर २७ मे १९४२ रोजी हल्ला करणारे आणि त्यांचे साथीदार, असे सात छत्रीधारी सैनिक या चर्चमध्ये लपले होते. १८ जूनला जर्मनांनी वेढा घातला आणि या झरोक्यातून बंबाचे पाणी तळघरात सोडले. त्या वेढ्यात सातही जणांचा अंत झाला. बिशप गोराज्द यांनी आपल्या लोकांवरचा सूड टळावा म्हणून सगळी जबाबदारी पत्र लिहून स्वतःवर घेतली, आणि सप्टेंबरमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या झरोक्याखाली आजही ताजी फुले असतात, आणि ती ठेवणाऱ्यांत कोणत्याही चर्चला न जाणारी माणसे पुष्कळ असतात.

कम्युनिस्ट राजवटीतही असेच घडले. १९४९ नंतर धर्मगुरूला सेवेसाठी सरकारी परवाना लागे, आणि तो काढून घेतला की पोट भरायला मिळेल ते काम करावे लागे. मिलोस्लाव व्ल्क यांचा परवाना १९७८ मध्ये गेला, तेव्हा त्यांनी आठ वर्षे प्रागमध्ये खिडक्या पुसल्या आणि गुप्तपणे आपली सेवा चालू ठेवली. तेच १९९१ मध्ये प्रागचे आर्चबिशप झाले. माझ्या मते या शहराचा कल समजायला एवढे पुरे आहे. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या मंडळीला हे शहर माफ करत नाही, आणि शिडीवर चढून काचा पुसणाऱ्या धर्मगुरूचे नाव विसरत नाही. २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ निम्म्या लोकांनी आपल्याला धर्म नाही असे नोंदवले आणि सुमारे ३० टक्क्यांनी तो रकाना कोराच सोडला. आपल्याकडचे वक्ते पहिला आकडा नेहमी सांगतात. मला दुसरा अधिक बोलका वाटतो, कारण आपण काय मानतो हे सरकारी कागदावर लिहायचे नाही, अशी ती जुनी सावधगिरी असावी.

आता जुने शहर सोड आणि मेट्रोच्या तांबड्या मार्गाने हाये या शेवटच्या स्थानकावर जा. तिथे यिझ्नी म्येस्तो नावाची, सत्तरच्या दशकापासून उभी राहिलेली तयार काँक्रीटच्या भिंती जोडून केलेल्या इमारतींची प्रचंड वसाहत आहे. नकाशा काढणाऱ्यांनी तिथे शाळा, दुकाने, दवाखाना सगळे आखले, चर्च तेवढे आखले नाही. (आता तिथे मदर तेरेसांच्या नावाचे कॅथलिक समाजकेंद्र आहे, भारतातून आल्याचे सांगितलेस तर ही ओळख कामी येईल.) पर्यटक इथे येत नाहीत, म्हणूनच तू इथे खोली घ्यावीस असे मी म्हणेन. लिफ्टमध्ये शिरताना ‘दोब्री देन’ म्हणायचे आणि उतरताना निरोप घ्यायचा, दुकानातही तसेच. हे न करणारा परदेशी तिथे उर्मट ठरतो. कोणी घरी बोलावले तर चपला दारातच काढायच्या, जे तुला शिकवावे लागणार नाही, आणि फुले नेलीस तर विषम संख्येत न्यायची, कारण सम संख्येची फुले मयताला नेतात.

कोपऱ्यावरच्या होस्पोदात, म्हणजे बियरच्या खानावळीत, जायला तुझी मंडळी कुरकुर करील, तरी जा. तू पीत नाहीस हे मला ठाऊक आहे. कोफोला नावाचे काळे, थोडे औषधी चवीचे शीतपेय साठच्या दशकापासून तिथे चालत आले आहे आणि पुष्कळ ठिकाणी नळातून मिळते, ते माग. वाढपी टेबलावर कागदाची एक चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक पेल्यामागे तिच्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. ती चिठ्ठी हलवायची नाही. रोजच्या गिऱ्हाइकांचे टेबल ठरलेले असते, तिथे बोलावल्याशिवाय बसायचे नाही. बोलणे हॉकीवर, सुतारकामावर, अळंब्यांवर होईल. धर्माचा विषय तू काढू नकोस. काही आठवड्यांनी कोणीतरी स्वतःहूनच विचारील की भारतातून इतक्या लांब इथे कशाला आलास, आणि तेव्हा खरे, थोडक्यात सांग.

रविवारी सकाळी उपासनेत तरुण कुटुंबे कमी दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नकोस. शुक्रवारी दुपारी अर्धे शहर गावाबाहेरच्या आपल्या लहानशा घरांकडे निघालेले असते. सप्टेंबरात कोणी अळंबी वेचायला रानात नेले तर उपासना चुकली तरी जा. पाळकाला आधी कळवले की झाले. उलट नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये उभे राहायलाही जागा नसते, आणि याकुब यान रिबाने १७९६ मध्ये रचलेली नाताळची मिस्सा, म्हणजे उपासनेची गाणी, गाताना कसलीही श्रद्धा नसल्याचे सांगणारी माणसेही प्रत्येक ओळ पाठ म्हणतात. त्या गर्दीचे मोल मोठे आहे, पण तिला तुझ्या कामाचे फळ म्हणून मोजू नकोस.

मंडळीबद्दल एकच आग्रह आहे. नवी मंडळी काढण्याच्या भानगडीत न पडता तिथल्या एखाद्या जुन्या मंडळीच्या पाळकाच्या हाताखाली राहा, मग ती १९१८ मध्ये एकत्र आलेली चेक बंधूंची सुवार्तिक मंडळी असो वा अन्य कोणती. लिबुश भागातल्या सापा बाजारात व्हिएतनामी दुकानदार भेटतील, युक्रेनमधून आलेली कुटुंबे सगळीकडे भेटतील, आणि परका परक्याशी लवकर बोलतो म्हणून तू त्यांच्यातच रमशील. त्यांची सेवा अवश्य कर, पण चेक भाषा कठीण जाते म्हणून तिकडे वळू नकोस. याच देशातून पळालेल्या बंधुमंडळीच्या वंशजांनी १७२२ मध्ये सॅक्सनीत हेर्नहूट हे गाव वसवले, आणि त्यांच्या, मोराव्हियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सेवकांनी १८८५ मध्ये लेहला आपले ठाणे उभारले. तिथे टिकायचे म्हणून ती माणसे लडाखी आणि तिबेटी शिकली.

राहता राहिले तुझे अहवाल. वर्गणी देणाऱ्या मंडळ्यांना दर तीन महिन्यांनी आकडे हवे असतात आणि रिकाम्या चर्चचे छायाचित्र पाठवले की वर्गणी वाढते, हे तुला कोणीतरी सांगेलच. तसले छायाचित्र पाठवू नकोस; त्या बाकांवर बसणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्यांनी परवान्याच्या काळातही येणे सोडले नव्हते, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यांना दयनीय ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पहिल्या अहवालात कोणाकडून काय शिकलास, भाषा कुठवर आली, कोणत्या पाळकाच्या हाताखाली आहेस आणि कोणासाठी प्रार्थना हवी आहे, एवढेच लिही. वर्गणीदारांपैकी कोणी नाराज झाले तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी बोलेन. मसुदा मात्र धाडण्यापूर्वी तिथल्या पाळकाला भाषांतर करून वाचून दाखव, कारण आपल्या मंडळीबद्दल परदेशात काय लिहिले जाते हे जाणण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

तुझा,
काका