गाणी नीट वाजतात, पण मीटिंग सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. विंडोज ११ मध्ये काय बदलावे?

माइक म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज लगेच सुधारेल. हेडफोन बिघडलेला नाही आणि ड्रायव्हर बदलूनही फरक पडणार नाही. गाणी ए२डीपी या ब्लूटूथ प्रोफाइलवरून (आवाज पाठवण्याच्या ठरावीक पद्धतीवरून) येतात. ते स्टीरिओ असले तरी आवाज एकाच दिशेने, लॅपटॉपकडून हेडफोनकडे नेते, त्यामुळे त्यावर माइक चालत नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की विंडोज एचएफपी या फोन कॉलसाठीच्या प्रोफाइलवर जाते. तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) आणि सॅम्पलिंग (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) फक्त ८ किंवा १६ किलोहर्ट्झ (सीडीचे ४४.१), म्हणून तो बसका वाटतो.

बदल दोन ठिकाणी करायचा:

- सेटिंग्ज, सिस्टम, साउंड. तिथे इनपुटमध्ये लॅपटॉपचा माइक.
- झूम, टीम्स वगैरेंच्या ऑडिओ सेटिंगमध्येही तोच. बरेच जण हे विसरतात, आणि अ‍ॅप हेडफोनचाच माइक धरून बसते.

तरीही आवाज तसाच राहिला, तर टास्कबारवर घड्याळाजवळ माइकचे चिन्ह दिसते का पाहा. त्यावर कर्सर नेला की माइक कोणते अ‍ॅप वापरते आहे ते कळते. पुष्कळदा ब्राउझरचा विसरलेला टॅब निघतो.

मात्र लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघर आणि कीबोर्डची खटखटही उचलतो. खोलीत गोंगाट असेल तर यूएसबी डोंगलसह येणारा हेडसेट बरा. लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही एलई ऑडिओवाले (ब्लूटूथची नवी ऑडिओ पद्धत) असतील, तर एचएफपीची ही अडचण येत नाही.