वाचकांचे प्रश्न : जळगावच्या उन्हाळ्यात महाकाय गेको

प्रश्न : माझ्या पुण्यातील मामेभावाची परदेशी बदली झाल्यामुळे त्याने पाळलेला न्यू कॅलेडोनियन जायंट गेको (पालीच्या जातीचा मोठा परदेशी प्राणी) गेल्या आठवड्यात आमच्याकडे जळगावला आला. शेपटीसकट तो जवळपास फूटभर लांब आहे. आल्यापासून तो बांबूच्या नळीत दडून बसतो, काहीही खात नाही आणि पेटीचे दार उघडले की गुरगुरतो. त्याची काचेची पेटी मी वरच्या मजल्यावरील माझ्या खोलीत ठेवली आहे. परदेशी माहितीपत्रकांत हीटर आणि तापणारे दिवे घेण्याचा सल्ला दिसतो, तर ते घ्यावेत का? आमच्या शेतात केळी आहेत, ती त्याला चालतील का? शिवाय आमची आजी म्हणते, की पाल विषारी असते आणि ती हौसेने घरात ठेवू नये. तिला काय सांगावे?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : गुरगुरणे आणि उपवास या दोन्ही गोष्टींची आज तरी चिंता करू नये. हा प्राणी निशाचर असून मूळ प्रदेशात मोठ्या झाडांच्या ढोलीत दिवस काढतो. आपली ढोली सुटून अनोळखी घरात आल्यावर आठवडा-दोन आठवडे अन्नाला तोंड न लावणे हे त्याच्या बाबतीत नित्याचेच आहे. पहिले पंधरा दिवस त्याला हातात घेऊ नये, पाहुण्यांना दाखवण्यासाठी नळीतून बाहेर काढू नये आणि पेटीतील मांडणी वारंवार बदलू नये. रात्री दिवे मालवल्यावर अन्न ठेवावे व सकाळी उरलेले काढून घ्यावे. या काळात विश्वास ठेवावा तो वजनकाट्यावर. नळीसकट वजन करून त्यातून रिकाम्या नळीचे वजन वजा केले, तर प्राण्याला हात न लावता आठवड्याची नोंद ठेवता येते. वजन एक दशांशाहून अधिक घटले किंवा विष्ठा पातळ व दुर्गंधीयुक्त झाली, तर पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब करू नये. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्यक आपल्या भागात विरळाच आहेत. त्यामुळे पुण्यात मामेभाव ज्यांच्याकडे जात असे, त्यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क आताच जोडून ठेवावा.

आता खरा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि तो आपण विचारला त्याच्या नेमका उलट बाजूने आहे. न्यू कॅलेडोनिया हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात असलेला, फ्रान्सच्या अखत्यारीतील बेटांचा समूह असून तेथील दमट जंगलात हा गेको राहतो. आज जिवंत असलेल्या गेकोंमध्ये हाच सर्वांत मोठा मानला जातो. त्याला २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि पारा तिशीच्या पुढे काही तास राहिला तर त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. परदेशी माहितीपत्रके थंड देशांतील घरे गृहीत धरून लिहिलेली असतात, म्हणून त्यांत हीटर आधी येतो. ज्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेथे हीटरच्या खरेदीचे पैसे गारव्यावर खर्च करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीत खोली रात्री १८ अंशांच्या खाली जात असेल, तेवढ्यापुरता थर्मोस्टॅटला (ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला) जोडलेला कमी क्षमतेचा हीटर पुरतो.

पहिले काम म्हणजे पेटी वरच्या मजल्यावरून खाली आणणे. उन्हाने तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि काचेची पेटी ती धरून ठेवते. तळमजल्यावरील, पश्चिमेला भिंत किंवा खिडकी नसलेली मधली खोली निवडावी. कोणाचे जुने धाब्याचे घर अजून शाबूत असेल, तर या कामी त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पेटीवर ऊन क्षणभरही पडू नये. किमान व कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक पेटीच्या आत, वरच्या तिसऱ्या भागात लावावा, कारण हा प्राणी उंचावर बसतो आणि गरम हवाही तिथेच साचते.

एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगले काम देतो व आर्द्रताही वाढवतो, परंतु भर दुपारी तो खोली तिशीच्या खाली ठेवीलच, याची खात्री देता येत नाही. जून उजाडून हवा दमट झाली, की त्याचा उपयोग आणखी घटतो. म्हणून निदान दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत एसी २६ अंशांवर चालू ठेवण्याची तयारी हवी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरचा पंखा पुरेल, असे अनेकांना वाटते. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम सुकतो म्हणून, आणि गेकोला घाम येत नाही. पंख्याच्या झोतात ओले कापड टांगले तर मात्र हवा खरोखर थंड होते. त्याच्या जोडीला बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या जाळीदार झाकणावर ठेवावी. गेको तोंड वासून, अंग सैल सोडून पेटीच्या तळाशी पडलेला दिसला, तर त्याला ताबडतोब गार खोलीत हलवून साध्या तापमानाच्या पाण्याने पाय व पोट ओले करावे. बर्फाचे पाणी अंगावर घालू नये.

ही सारी व्यवस्था मार्च संपण्यापूर्वी करून पाहावी. ती जमत नसेल, तर प्राणी पुण्यातील एखाद्या अनुभवी पालकाकडे सोपवण्यात कमीपणा मानू नये. नीट सांभाळ झाला तर हा गेको वीस वर्षांहून अधिक जगतो, तेव्हा प्रश्न केवळ यंदाच्या उन्हाळ्याचा नाही.

केळ्याविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आपल्याकडे पाहुण्याला पहिला घड दाखवण्याची रीत आहे. तरीही या पाहुण्याला ते रोजचे अन्न म्हणून देऊ नये. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२ मिलिग्रॅम असते. फॉस्फरस असे वरचढ झाले, की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. जबडा मऊ पडणे, कणा वाकणे, पाय थरथरणे ही त्याची लक्षणे असून झालेले व्यंग सहसा भरून येत नाही. पपईत हेच प्रमाण साधारण २० ला १० आणि ताज्या अंजिरात ३५ ला १४ असे अनुकूल असते. महिन्यातून एखाद्या वेळी चमचाभर केळे कुसकरून दिल्यास बिघडत नाही, मात्र ते कार्बाइडने पिकवलेले नसावे. मुख्य आहार म्हणून गेकोसाठी तयार मिळणारी, पाण्यात कालवायची फळांची भुकटी आठवड्यातून दोन-तीनदा द्यावी. जोडीला कॅल्शियमची पूड लावलेले, विक्रीसाठी वाढवलेले रातकिडे अधूनमधून द्यावेत. कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातील नाकतोडे फुकट मिळतात खरे, पण त्यांच्यासोबत फवारणीचे विषही पोटात जाते.

पेटी रुंदीपेक्षा उंचीला अधिक असावी आणि तीत आडव्या-तिरप्या जाड फांद्या व अंग मावेल अशा पोकळ नळ्या असाव्यात. संध्याकाळी पाणी फवारावे व दुपारपर्यंत पेटी सुकू द्यावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी फिल्टरचे पाणी वापरल्यास काचेवर पांढरे डाग धरत नाहीत.

आजींना सांगावे, की घरातल्या भिंतीवरची पाल आणि हा गेको, दोघेही विषारी नाहीत. मात्र त्याचा चावा जोरकस असतो आणि धरून ठेवलेला जबडा तो लवकर सोडत नाही. त्यांची भीती अगदीच निराधार आहे, असेही म्हणू नये. अशा प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात, म्हणून पेटी स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी, भांडी वेगळी धुवावीत, हात साबणाने स्वच्छ करावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याला हात लावू देऊ नये.

प्रश्न : ईशान्य भारतातून मोठा टोके गेको आणून देतो, असे एक ओळखीचा माणूस म्हणतो. पुढे तो लाखो रुपयांना विकला जातो म्हणे. घ्यावा का?
(एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : घेऊ नये. टोके हा भारतातील वन्यप्राणी असून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. तो पकडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स या, धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. त्याच्यापासून असाध्य रोगांवर औषध बनते, या अफवेवर लाखोंच्या किमतींच्या गोष्टी उभ्या आहेत, आणि त्या औषधाला वैद्यकीय आधार नाही. परदेशी प्रजातींनाही कागदपत्रे लागतात, हे या निमित्ताने इतर वाचकांनीही ध्यानात घ्यावे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील, म्हणजे साइट्स करारातील प्रजातींच्या यादीतील प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राणी नात्यातून आला असला तरी जुन्या मालकाकडून खरेदीची पावती व हस्तांतराचे पत्र घेऊन ठेवावे.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या गेकोची कात बोटांवर अडकून राहते. ओढून काढावी का?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : कोरडी कात ओढू नये, खालची नवी त्वचा फाटते. झाकणाला भोके असलेल्या डब्यात कोमट पाण्याने भिजवलेले फडके अंथरून त्याला पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच सरकवावे. एकाच दिवशी सारी कात निघाली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. कातीचे वळे बोटाभोवती आवळून राहिले तर रक्तपुरवठा थांबून बोट झडते, म्हणून बोट सुजलेले किंवा काळपट दिसल्यास घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाला दाखवावे.