इंजिन बंद पडलं तर? पिंपळगावच्या आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही पिंपळगाव बसवंतहून लिहिलंय की मुलीला बारावी सायन्सनंतर पायलट व्हायचंय. पण जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं, ती बातमी तिचे बाबा विसरायला तयार नाहीत.

त्याच बातमीतलं एक त्यांना आवर्जून सांगा. विमानाची ताकद गेली तेव्हा ती शिकाऊ मुलगी एकटीच होती आणि ती वाचली. सेसना १५२ सारखं दोन आसनांचं छोटं विमान इंजिन बंद पडल्याबरोबर दगडासारखं खाली येत नाही. वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास सांभाळला, तर ३,००० फुटांवरून ते साधारण ७-८ किलोमीटर तरंगत जातं. हातात चारेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात जागा हेरायची, इंधनाचा व्हॉल्व्ह आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे) तपासायचे, रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक द्यायची. प्रशिक्षक मुद्दाम इंजिन मंद करून हे पुन्हा पुन्हा करून घेतात. निफाडची द्राक्षबाग वरून कितीही सपाट दिसली तरी तिथे अँगल आणि तारा असतात, त्यापेक्षा सोंगणी झालेलं गव्हाचं रान बरं. तुमच्या लेकीला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण इंधन संपणं, त्यात पाणी शिरणं ही इंजिन थांबण्याची नेहमीची कारणं जमिनीवरच पकडता येतात. उड्डाणाआधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून, तळाशी पाणी साचलंय का ते बघतात. शंभराव्या वेळीही ती हे तितक्याच लक्षाने करेल का? गणितातल्या मार्कांपेक्षा मला याचं उत्तर महत्त्वाचं वाटतं, आणि ते आईइतकं कोणाला ठाऊक असणार!

ओझर तुमच्यापासून जवळ आहे. तिथल्या एचएएल या विमान कारखान्यात विमानांच्या देखभालीचं काम करणारं कोणी ओळखीचं असेल, तर बाबांना त्यांच्याशी निवांत बोलू द्या.

आणि कृपा करून, मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, होण्याआधी जमीन गहाण टाकू नका. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग क्लास वन ही कमर्शियल लायसन्ससाठी लागणारी जास्त कडक तपासणी. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, खर्च लाखांत जातो, आणि डोळ्यांचा किंवा कानांचा दोष निघाला तर ते पैसे परत येत नाहीत. क्लास वनचा निकाल हाती आला की मला लिहा. बारामती, गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थांत काय काय विचारायचं, ते तेव्हा सविस्तर सांगते.